बाबांची पाहणी

काळजीवाहू भत्त्याचा अर्ज नऊ पानांचा असतो. त्यातलं अर्धं पान माझं होतं आणि साडेआठ बाबांची. माझ्या अर्ध्या पानात नाव, पत्ता आणि नोकरी सोडल्याचं कारण. बाबांच्या साडेआठ पानांत त्यांना काय काय जमत नाही याची बारीक चौकशी. बटण लावता येत नाही का, घास गिळता येत नाही का, वार आठवत नाही का. मी दोन रविवार बसून ती पानं भरली आणि बाबांनी चष्मा पुसत प्रत्येक उत्तरावर हरकत घेतली.

"बटण लागतं मला. वेळ लागतो जरा."

"किती वेळ बाबा? परवा चार बटणांना अर्धा तास लागला."

"मग? लागली ना चारही?"

बाबा अडतीस वर्षं एकाच हॉटेलात वेटर होते. झटका आला तेव्हा निवृत्त होऊन सहाच वर्षं झाली होती. डावी बाजू लुळी पडली, बोलणं मात्र शाबूत राहिलं, आणि ऐटही. मी तेव्हा इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत होते. एकोणीस वर्षांची नोकरी होती. रजा संपली, बिनपगारी रजा संपली, मग मुकादमानं नाइलाजानं राजीनामा लिहून घेतला. दादा परगावी असतो. दर रविवारी फोन करून "स्वतःचीही काळजी घे गं" म्हणतो, तेवढं करतो बिचारा.

भत्ता मिळाला नाही तर मला कामावर परत जावं लागणार आणि बाबांना सरकारी निवाऱ्यात ठेवावं लागणार, हे दोघांनाही माहीत होतं. तो निवारा मी बघून आले होते. एका खोलीत अठरा खाटा, आणि दुपारी चारलाच रात्रीचं जेवण. कुणी वाईट वागवत नव्हतं. पण सगळे म्हातारे एकाच रंगाच्या कपड्यांत बसले होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. घरी येऊन मी बाबांना सांगितलं की जागा फार लांब आहे.

अर्ज पोचला आणि पाहणीची तारीख आली. मी बाबांना एवढंच म्हटलं, "उद्या सरकारी बाई येणार आहेत. बघायला."

तिथेच माशी शिंकली. बघायला येणार म्हणजे पाहुणी येणार, आणि पाहुणी येणार म्हणजे काय करायचं हे बाबांना अडतीस वर्षं पाठ होतं. सकाळी सातला त्यांनी दाढी करून मागितली. पांढरा सदरा काढायला लावला. कॉलरला चुणी राहिली म्हणून मी तो पुन्हा इस्त्री केला. मीही मूर्ख! नऊ पानं भरताना सगळं सुचलं, आणि हे नाही सुचलं.

बाई पस्तिशीची असेल. चपला दाराबाहेर नीट जोडीनं काढून आत आली. मांडीवर फाइल ठेवून एकेक प्रश्न विचारायला लागली.

"अंघोळ स्वतः करता, आजोबा?"

"करतो की."

"मी घालते," मी म्हटलं.

"ही असते मदतीला. पाणीबिणी काढून देते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण परक्या बाईसमोर बापाला खोटं कसं पाडायचं? मी डोळ्यांनी खुणावत राहिले. बाबा मुद्दाम माझ्याकडे बघेनात. मग बाई म्हणाली, न्हाणीघर दाखवा, दाराची रुंदी मोजायची आहे. चहा गाळून मी स्वयंपाकघरात ठेवला होता. म्हटलं, येऊन देते.

आम्ही टेप गुंडाळत बाहेर आलो तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. उजव्या हातावर ट्रे, ट्रेमध्ये दोन कप आणि साखरेची वाटी. आठ महिन्यांत ते आधाराशिवाय उभे राहिले नव्हते. कसे उठले, भिंतीला खेटून तिथवर कसे गेले, देवाला ठाऊक. डावा पाय फरशीवरून ओढत ते निघाले. दारापासून टेबलापर्यंत सात पावलं आहेत. मी हालले नाही. बाईही हालली नाही. ट्रे टेबलावर ठेवून बाबा किंचित वाकले.

"साखर वेगळी ठेवली आहे, मॅडम."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी भत्ता विसरले. माझा ऊर भरून आला. हॉटेलात बाबांना काम करताना मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं, ते असेच होते. बाईसुद्धा हसली, मनापासून हसली. मग तिनं पान उलटलं आणि 'गरम पेय स्वतः आणता येते का' यापुढे बरोबरची खूण केली. पुढच्या पानावरही दोन केल्या.

ती जिना उतरली असेल नसेल, बाबा खुर्चीकडे वळताना कोसळले. कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. मी त्यांना खाली निजवून जिन्याकडे धावले, हाका मारल्या, बाई गेलेली. फोन केला तर म्हणाली, "ताई, वाईट वाटतं हो. पण पाहणीच्या वेळेत जे दिसतं तेच आम्हाला लिहावं लागतं."

तीसपैकी नऊ गुण पडले. लागतात अठरा. बाप जितका नालायक तितके गुण जास्त, अशी ती परीक्षा, आणि माझे बाबा सपशेल नापास झाले.

फेरपाहणीसाठी मी पाच खेटे घातले. खिडकीवरच्या कारकुनाला पाचव्या खेपेला माझी दया आली असावी. आजूबाजूला बघून म्हणाला, "ताई, एक सांगू? त्या दिवशी घर आवरू नका. दाढी करू नका. आणि म्हाताऱ्यांना नीट समजावून सांगा, की इथे शाबासकी मिळत नसते."

मी समजावून सांगितलं. नीट नाही सांगितलं. पाच खेट्यांचा राग होता, कपाळावरच्या टाक्यांचा होता, सगळा बाबांवर काढला.

"म्हणजे नाटक करू?" बाबा म्हणाले.

"नाटक मागच्या वेळी केलंत! या वेळी खरं वागा. उठायचं नाही, हसायचं नाही, विचारेल त्याला नाही म्हणायचं. नाहीतर अठरा खाटांच्या खोलीत जाऊन ऐट दाखवा."

असं बोलले मी. बाबा म्हणाले, "जागा लांब आहे म्हणाली होतीस." मग त्यांनी अर्ज मागितला आणि साडेआठ पानं पहिल्यापासून वाचून काढली. पूर्वी नवीन मेनू आला की असाच पाठ करायचे, आई सांगायची.

दुसऱ्या पाहणीला तीच बाई आली. तीन दिवसांची दाढी, सदऱ्यावर आमटीचा डाग. मी तो धुतला नव्हता. बाबा खुर्चीत बसून होते.

"अंघोळ?" "नाही." "कपडे?" "नाही." "उभं राहणं?" "नाही, मॅडम." आवाजात ना चिडचिड ना रडगाणं. बाईनं एकदा पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"लघवीवर ताबा आहे?"

बाबा इथे थांबले. "आहे," म्हणाले.

ते खरंच होतं. झटका आल्यापासून त्यांनी एकदाही अंथरूण ओलं केलं नव्हतं. रात्री मला हाक मारायचे, थरथरत वाट बघायचे, पण नाही. तेवढं एक त्यांनी सांभाळलं होतं, आणि मीही त्यांना त्यावर नाही म्हणायला सांगू शकले नव्हते.

बाईनं बेरीज केली. पुन्हा केली. "सतरा होतात हो," ती हळूच म्हणाली. "एक कमी पडतो. मी... बघते कुठे काही राहिलंय का." ती पानं मागेपुढे करत राहिली. चांगली बाई होती. पण राहिलं काहीच नव्हतं.

एका गुणासाठी! तोंडात मारल्यासारखी मी उभी होते. तेवढ्यात फरशीवर पाणी पडल्याचा आवाज आला. बाबांची विजार मांडीपासून भिजत चालली होती आणि खुर्चीखाली थारोळं झालं होतं. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. मान ताठ होती.

बाईनं पाय मागे घेतले. मग एक खूण खोडली आणि शेजारी दुसरी केली.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. अठरा, हे आलं. बापाची लाज नंतर वाटली, आधी जीव भांड्यात पडला. मग मी बादली आणायला धावले.

बाई गेल्यावर त्यांना धुऊन पुसताना मला रडू आवरेना. दुखणं वाढलं असं मी धरून चालले. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तपासून सांगितलं की तिथे काहीच बिघाड नाही, घाबरून झालं असेल. पुन्हा तसं झालंही नाही.

मंजुरीचं पत्र बाराव्या दिवशी आलं. बाबा म्हणाले, वाच. मी वाचलं. 'लाभार्थी पूर्णतः परावलंबी' हे शब्द मी गाळले.

"खाली बारीक अक्षरांत काय आहे?"

"दर सहा महिन्यांनी पाहणी होईल म्हणतात."

"हीच बाई?"

"हीच असेल."

बाबांनी मान डोलावली. माझी दाढी करून दे म्हणाले, पंधरा दिवसांची झाली होती. मी साबण लावत होते तेव्हा गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी माझा हात धरला.

"पुढच्या वेळीही आदल्या दिवशी सांग हं," ते म्हणाले. "सकाळपासून पाणी पिऊन ठेवायला लागतं. लागलंच तर म्हणून."