माझंच मला वाचता येईना

मी एक जुना घरगुती संगणक आहे. पण मित्रांनो, 'जुना' म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. मी अजून चालतो. सुरू व्हायला थोडा वेळ घेतो, हे खरं. पण सकाळी हाक मारल्यावर तुम्ही तरी कुठे पहिल्या हाकेला उठता? मी निदान चादर डोक्यावर ओढून घेत नाही.

मी कुठल्या मोठ्या कंपनीच्या खोक्यातून आलेलो नाही. माझे भाग निरनिराळ्या ठिकाणी बनले आणि एका अरुंद दुकानातल्या टेबलावर एकत्र आले. अशा संगणकाला लोक 'असेंबल केलेला' म्हणतात आणि म्हणताना जरा नाक मुरडतात. मुरडू देत. खोक्यातून आलेले माझ्या वयाचे किती जण आज पंख्याचा आवाज करत बसलेत, ते मला दाखवा.

ज्या घरी मी आलो त्या घरातल्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. आई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. त्यांची एक मुलगी आहे. लहानपणी ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या. आत्या एका सरकारी कचेरीत टंकलेखिका होती. आधी टाइपरायटरवर आणि मग संगणकावर तिने जन्मभर साहेबांची पत्रं टंकली. माझं टेबल बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी मांडलं होतं. सुरुवातीला माझा थाट काय विचारता! हात धुतल्याशिवाय मला कुणी शिवायचं नाही, असा आईचा हुकूम होता. माझ्यासाठी तिने फुलाफुलांचं आच्छादन शिवलं होतं. पुढे ते आच्छादन इस्त्रीच्या टेबलावर गेलं आणि माझ्या डोक्यावर बाबांच्या चष्म्यांची रिकामी घरं आली. चालायचंच. लाड कुणाचेच जन्मभर होत नाहीत.

माझ्या अंगात आजवर बऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिम नांदून गेल्या. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे माझा कारभारी समजा. कुठली फाइल कुठे ठेवायची, कुणाला आधी वाट द्यायची, हे सगळं तो बघतो. पण नवा गडी, नवं राज्य! प्रत्येक नवा कारभारी आला की आधी सामानाच्या जागा बदलतो. मग बाबा पडद्यापाशी वाकून बटण शोधू लागायचे. "अरे, कालपर्यंत इथंच होतं की!" असं ते ओरडायचे. दिवसभर लोकांना 'आता स्पष्ट दिसतं का?' विचारणारा माणूस घरी आल्यावर माझ्यापुढे डोळे बारीक करून बसायचा. आईचं उलटं. तिला धीर म्हणून नाही. मी एक काम करत असलो तर ती तेच बटण पुन्हा पुन्हा दाबायची आणि मग मी तेच काम तितक्या वेळा केलं की माझ्यावरच चिडायची. मी काय करणार? सांगकाम्या तो सांगकाम्याच.

अपग्रेडच्या दिवशी तर घरात गंमतच असे. पडद्यावर 'थोडा वेळ थांबा' अशी अक्षरं यायची. तो थोडा वेळ म्हणजे किती, ते माझं मलाही ठाऊक नसायचं. पट्टी भराभर पुढे सरकायची आणि शेवटच्या टोकाशी येऊन ठाण मांडायची. बाबा हलक्या आवाजात म्हणायचे, "कुणी हात लावू नका रे त्याला." जणू माझं ऑपरेशनच चाललं होतं.

या घराचा एक खास शब्द आहे, 'नंतर'. स्वयंपाकघरातला नळ गळतोय? नंतर बघू. दाराची कडी सैल झालीय? नंतर. त्यामुळे 'नवी आवृत्ती आली आहे, बसवायची का?' असं मी विचारलं की घरातला प्रत्येक जण न वाचताच 'नंतर'वर टिचकी मारायचा. मीही पुन्हा विचारायचो, ते पुन्हा 'नंतर' म्हणायचे. आमचं बरं चाललं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

आत्या निवृत्त झाली आणि दुपारची माझ्यापुढे येऊन बसू लागली. पहिल्यांदा मला वाटलं, पत्ते खेळायला बसली असेल. पण तिने कोरं पान उघडलं आणि टंकायला सुरुवात केली. बोटं अशी चालायची की मला दम लागायचा. शेजारी कुणाचा कागद नव्हता, समोर कुणी सांगणारा नव्हता. आत्या स्वतःचं लिहीत होती! कमळी नावाच्या बदकाची गोष्ट. ही कमळी एका कचेरीत टंकलेखिका असते आणि साहेबांच्या प्रत्येक पत्रात हळूच एक शब्द स्वतःचा घालते. त्या एका शब्दाने असे काही घोटाळे होतात, की लिहिता लिहिता आत्या एकटीच हसायची. मी बरीच पत्रं, बिलं आणि अर्ज पोटात घातले आहेत, पण असं मजेदार काही माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशिकेला आत्याने पहिली चार पानं फोनवर वाचून दाखवली. प्रकाशिका म्हणाली, "पूर्ण लिहून महिनाअखेरपर्यंत पाठवा. आवडलं तर यंदाच्याच पुस्तकांत घेते. उशीर झाला तर मात्र माझा इलाज नाही." फोन ठेवल्यावर आत्याने उठून विनाकारण माझा पडदा पुसला.

पुस्तक पूर्ण झालं आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली. त्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला, पण नव्या आवृत्तीने माझ्या तोंडून 'नंतर' हा शब्दच काढून टाकला होता. आता दोनच बटणं होती, 'आता' आणि 'आज संध्याकाळी'. घरातलं दुसरं कुणी असतं तर संध्याकाळवर ढकलून मोकळं झालं असतं. पण आत्या पडली कचेरीतली. आलेला कागद टेबलावर पडून राहिलेला तिला खपत नाही. तिने शांतपणे 'आता' दाबलं आणि चहा करायला गेली.

ती परत आली, तिने फाइल उघडली आणि तिचा कप हातातच राहिला. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि तिरक्या रेघा. पानामागून पान तसंच.

मित्रांनो, हे कसं झालं ते सांगतो. मी अक्षर असं काही साठवत नाही. कोणती कळ दाबली तेवढंच मी लक्षात ठेवतो. त्या कळीला पडद्यावर कोणतं रूप द्यायचं, हे फाँट ठरवतो. आत्याचा फाँट फार जुना. टाइपरायटरवरून संगणकावर येणाऱ्यांसाठी एका टायपिंग क्लासच्या सरांनी तो आपल्या जावयाकडून बनवून घेतला होता. त्या क्लासबाहेर तो कुणाला माहीत नव्हता. नव्या कारभाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, 'हा आपल्यात बसत नाही' म्हणाला आणि त्याला दाराबाहेर काढलं. कळा सगळ्या माझ्याजवळ जागच्या जागी होत्या. पण त्यांचा अर्थ गेला. माझंच मला वाचता येईना! खोटं कशाला सांगू, एवढा मी दिमाखात राहणारा, पण त्या दिवशी माझी मान खाली गेली.

भिंगरी आता कॉलेजात जाते. ती धावत आली. "आत्या, तू कॉपी ठेवली होतीस ना?"

"ठेवली होती की. पेन ड्राइव्हवर आहे, मेलवर आहे, तुझ्या लॅपटॉपवरही आहे."

भिंगरीने सगळीकडे उघडून पाहिलं. सगळीकडे तोच कचरा. कॉपी अगदी बिनचूक होती, हीच तर अडचण! कागदावर एकही पान काढलेलं नव्हतं, कारण प्रिंटरची शाई वाळली होती आणि ती आणायचं काम 'नंतर'मध्ये पडलं होतं.

मग माझा दुरुस्तीवाला आला. त्याने माझं सगळं तपासलं. "मशीनला काही झालेलं नाही," तो म्हणाला, "पण हा फाँट मी कधी पाहिलेला नाही, मावशी. क्लासमध्ये विचारून बघा." क्लासच्या जागी आता केस कापायचं दुकान आहे. भिंगरीने फाँट बदलून देणारं एक सॉफ्टवेअर लावून पाहिलं. त्यातून जे बाहेर पडलं ते मराठीसारखं दिसत होतं, पण मराठी नव्हतं. आत्याने एक ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "हा हात पत्रं टंकायचा. गोष्टी लिहायला निघाला, म्हणून असं झालं."

"असं काही नसतं हं आत्या! पुन्हा लिही."

"आठवण थोडीच जशीच्या तशी येते? गोष्ट येईल, पण शब्द दुसरेच येतील." तिचे डोळे भरून आले. "शब्दच तर माझे होते गं त्यात."

आत्या पडद्याकडे बघत राहिली. तिचे हात सवयीने टेबलाच्या कडेवर टेकले होते. पहिल्या ओळीतल्या एका शब्दावर तिची नजर गेली. इंग्रजी डी, ई, मोठा जी, एच. आणि तिची बोटं लाकडावर आपोआप हलली. मधलं बोट, पुन्हा मधलं बोट पण वरच्या रांगेत, मग करंगळीने शिफ्ट आणि तर्जनी...

"कमळी," आत्या म्हणाली.

"काय?"

"इथं कमळी लिहिलंय." तिने पुढच्या शब्दावर बोटं नाचवली. "कमळीला... आज... पुन्हा... उशीर झाला." ती ताठ बसली. "भिंगरी, मला वाचता येतंय! डोळ्यांना नाही येत, पण बोटांना येतंय!"

खरंच होतं ते. तो कचरा नव्हताच. आत्याने दाबलेली कळ न् कळ तिथे जशीच्या तशी उभी होती, आणि त्या कळा तिच्या बोटांना आपल्या नावासारख्या पाठ होत्या. मी कळा सांभाळल्या होत्या आणि तिने अर्थ. आम्ही दोघं मिळून पूर्ण पुस्तक होतो!

भिंगरीने आपला लॅपटॉप माझ्या शेजारी ओढला. आत्या माझ्या पडद्यावर पाहायची, टेबलावर बोटं चालवायची आणि बोलायची. भिंगरी ते नव्या मराठीत टंकायची. सुरुवातीला वेलांटीवरून दोघींची जुंपली. टाइपरायटरच्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबतात, त्यामुळे अवघड शब्द आला की आत्या "वेलांटी, मग व" असं सांगायची. भिंगरी तसंच टंकायची आणि वेलांटी मागच्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायची. 'कविता'चं 'किवता' झालं.

"अगं, माझ्या लेकराची टोपी दुसऱ्याला का घालतेस?" आत्या ओरडली.

"तूच तर आधी सांगतेस!"

"आमच्यात आधीच येते ती. तुमच्यात उशिरा येत असेल तर तू थांबव तिला."

दोघी इतक्या हसल्या की आई चपात्या अर्ध्यावर टाकून बाहेर आली. मग रोज दुपारी हाच कार्यक्रम ठरला. आई कामावरून आली की शेजारी बसून भाजी निवडायची आणि कमळीच्या गोष्टी ऐकायची. बाबा एक दिवस दुकान लवकर बंद करून आले आणि आत्याला पडद्याच्या अंतरासाठी वेगळा चष्मा बनवून दिला. आणि मी? मी नेटाने ती अक्षरं समोर धरून ठेवली. एकदाही बंद पडलो नाही, एकदाही मधेच काही विचारलं नाही.

एका ठिकाणी कमळी साहेबांच्या खोलीतून बाहेर येते आणि हिरमुसते. भिंगरी टंकता टंकता थांबली. "आत्या, लहान मुलांना 'हिरमुसली' कळेल का? मी 'नाराज झाली' करते."

"नको."

"अगं, सोपं होईल."

आत्याने टेबलावरचे हात उचलले. "मी सांगते तस्संच टंक. शब्द माझा आहे."

मित्रांनो, 'मी सांगतो तसंच टंका' हे वाक्य त्या बाईने नोकरीभर खाली मान घालून ऐकलं होतं. ते बोलण्याची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. भिंगरीने मुकाट्याने 'हिरमुसली' टंकलं. आत्याने ते नव्या चष्म्यातून वाचलं आणि हात पुन्हा टेबलावर ठेवले. "हं. पुढे घे."

महिना संपायच्या आत पुस्तक प्रकाशिकेकडे गेलं. तिचं उत्तर आलं, ते आत्याने घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पुस्तक घेतलं होतं, आणि 'हिरमुसली'ला तिने हातही लावला नव्हता.

तर मित्रांनो, आमची काळजी घ्या, हे मी सांगायला हवंच. आमच्यावरची धूळ पुसा. 'आता' दाबण्यापूर्वी वाचत चला. जुन्या फायली मधून मधून उघडून बघा. नुसती कॉपी ठेवून भागत नाही, ती वाचता यायला हवी. पण हे सगळं तुम्ही विसरलात तरी मी रागावणार नाही. एवढं मात्र करा. तुमच्या घरात कुणी आजवर दुसऱ्यांचंच लिहून देत आलं असेल, तर त्या माणसाला माझ्यासारख्या एखाद्या पडद्यासमोर खुर्ची द्या, कीबोर्ड स्वतःकडे ओढून घ्या आणि म्हणा, "आता तुम्ही सांगा. टंकायचं काम माझं."