चार गाड्या तळ्यात

धाकट्या सुनेने तीन वर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. उपग्रहावरच्या रडारने टिपलेल्या चित्रातली कोणती गाडी चालती आहे आणि कोणती उभी, हे तो सांगे. रडारची एक खोड आहे. उभी वस्तू ते जागच्या जागी दाखवतं; चालती मात्र भलतीकडेच उमटते. साठच्या वेगाने धावणारी गाडी चित्रात रस्ता सोडून पाऊण किलोमीटर लांब बसलेली सापडते.

चाचणी रविवारी होती. दहा बेचाळीसला उपग्रह वरून जाणार, तेव्हा तळ्याजवळच्या सरळ रस्त्यावर पाच गाड्या साठने धावत असायला हव्यात. चित्रात उठून दिसावं म्हणून प्रत्येकीच्या टपावर पत्र्याचा तिकोनी खोका. प्रोग्रॅमने पाचही ओळखल्या तर तो वापरात येणार. एक जरी चुकली तर तीन वर्षं कपाटात.

रविवार म्हटल्यावर ऑफिसातल्या लोकांना एकाएकी पाठदुखी, पाहुणे वगैरे सुरू झालं. मग घरचे आणि शेजारचे धरले. सगळ्यात आधी हात वर केला तो थोरल्या दिरांनी. गाडी नवी होती, आणि ती पाहायला आजवर फक्त गल्ली आली होती.

मंगळवारी चित्र आलं. परीक्षक बाई पेन्सिल घेऊन बसल्या. मागे चालक मंडळी दाटीवाटीने उभी. काळ्याशार तळ्याच्या मधोमध चार पांढरे ठिपके होते आणि चारहींभोवती प्रोग्रॅमने 'चालती' म्हणून लाल कडं घातलं होतं. पाचवा ठिपका, रांगेत शेवटी असलेल्या थोरल्यांच्या गाडीचा, डांबरी रस्त्यावर, बिनकड्याचा.

"आपण बुडालो वाटतं," धाकटीचा नवरा म्हणाला.

थोरले पुढे सरसावले. "बघून घ्या! माझ्या एकट्याची गाडी रस्त्यावर आहे. बाकीच्यांना स्टिअरिंग धरता येत नाही."

"भावजी," धाकटी हळूच म्हणाली, "रस्त्यावर दिसते म्हणजे उभी होती."

"उभी? माझी?"

बाईंनी त्यांचं नोंदपत्रक काढलं. वेगाच्या रकान्यात थोरल्यांनी 'साठ पूर्णांक शून्य' लिहिलं होतं. इतकं काटेकोर बाकी कुणी लिहिलं नव्हतं. "पत्रक म्हणतं साठ, प्रोग्रॅम म्हणतो उभी," बाई म्हणाल्या. "चार बरोबर, एक चूक." त्यांनी पाचव्या ठिपक्यापुढे पेन्सिलीने फुली मारली.

"भावजी, क्षणभरसुद्धा थांबला नव्हतात?"

"शपथ घेऊन सांगतो. काटा साठावरून हलला नाही."

शेजारच्या सीटवर बसून गेलेली थोरली जाऊ छताकडे पाहत होती. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं. धाकटीने ते टिपलं. थोरल्या दिरांना खोटं पाडायला गेलं तर ते संध्याकाळपर्यंत हलणार नाहीत, हेही तिला पाठ होतं. ती बाईंकडे वळली.

"मग दोष गाडीचा. लिहा बाई: काटा साठ दाखवतो, पण गाडी जागची हलत नाही."

"काय?" थोरल्यांचा आवाज चिरकला. "अगं, एकशेचाळीसला आतल्या बाटलीतलं पाणी डचमळत नाही तिच्यात!"

"पण चित्रात तर..."

"चित्र गेलं खड्ड्यात! गाडीला नाव ठेवायचं नाही. मी थांबवली होती. मी!"

 थोरल्या जावेने छत सोडलं.

"तूच म्हणालीस ना, वरून फोटो काढणार म्हणून? हे म्हणाले, चालत्या गाडीत फोटो हलतो. गाडी कडेला घेतली. भांग पाडला, पोट आत घेतलं, मला बाजूला उभं केलं. सात मिनिटं आम्ही दोघं आभाळाकडे बघून हसतोय. मान अजून धरलीये माझी."

धाकटीच्या नवऱ्याला एकदम खोकला लागला. परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी खोडरबर काढलं. "म्हणजे उभी होती आणि प्रोग्रॅमने उभीच सांगितली. पण मला लेखी लागेल. चालकाच्या हातचं."

धाकटीने कोरा कागद पुढे सरकवला. बोललेलं नाकारता येतं, लिहिलेलं नाही. थोरल्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग मान वर न करता लिहिलं: 'सदर गाडी साठच काय, कितीही वेगाने धावण्यास समर्थ असताना चालकाने ती स्वखुशीने उभी केली होती.' 'समर्थ'खाली दोनदा रेघ मारली.

"साक्षीदार?" बाईंनी विचारलं.

"मी आहे की," म्हणत थोरल्या जावेने नवऱ्याच्या बोटांतून पेन ओढून घेतलं आणि चांगली लांबलचक सही ठोकली.

बाईंनी पाचव्या ठिपक्यापुढे बरोबरची खूण केली.