मास्तरांची साक्ष

डेलबर्ट योकम पिस्तूल चालवायला शिकवायचा. घरामागची टेकडी पोखरून त्याने चांदमारीची जागा केली होती. कपड्याआड पिस्तूल बाळगायचा परवाना हवा असलेली गावातली माणसं दर शनिवारी तिथे यायची. त्यांत शाळेच्या बसचे ड्रायव्हर असायचे, रात्रपाळीच्या नर्स असायच्या, नवरा गेल्यावर शेतावर एकट्या राहिलेल्या बायकाही असायच्या. निम्मा दिवस तो कुणाला पिस्तुलाला हात लावू देत नसे. खुर्च्यांवर बसवून सांगायचा की कमरेला पिस्तूल लावलंत, की तुमचा भांडायचा हक्क संपला. कुणी आईवरून बोलला तरी ऐकून घ्यायचं आणि निघून जायचं. गाडीत बसला असाल तर उतरायचं नाही. लोकांना कंटाळा यायचा, पण तो सोडत नसे.

किप लँड्रेथ त्याचा आवडता विद्यार्थी. छपरं घालायचं काम करायचा, अंगाने दणकट, बोलायला गोड. एका हाताने शर्ट वर करून दुसऱ्याने पिस्तूल काढायचं, हे त्याला जितकं सफाईने जमायचं तितकं गावात कुणाला जमत नव्हतं. डेलबर्टला मूलबाळ नव्हतं. किप परवाना मिळाल्यावरही शनिवारी येत राहिला, आणि डेलबर्टची बायको वांडा त्याचं पान धरूनच स्वयंपाक करू लागली.

मार्चमधे हार्डवेअरच्या दुकानासमोर किपच्या नव्या ट्रकला कोडी प्रुइटच्या ढकलगाडीने ओरखडा पाडला. दोघांनी एकमेकांचा उद्धार केला. किप ट्रकमधे जाऊन बसला, इंजिनही सुरू केलं. कोडीने जाता जाता दाराला लाथ घातली. त्याच्या हातात नुकताच घेतलेला चाकाचा पाना होता. किप खाली उतरला. कोडी पाना घेऊन वळला आणि किपने गोळ्या झाडल्या. कोडी जागीच गेला. कोडीची बायको जोलीन तेव्हा आत पैसे देत होती. तिला वाटलं, कुणीतरी फळ्या पाडल्या.

संध्याकाळी किपचा वकिलाच्या ऑफिसातून फोन आला. म्हणाला, "मास्तर, सगळं तुम्ही शिकवलंत तसंच केलं."

डेलबर्टने फोन ठेवला. दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण तोवर सगळ्या गावाने पाहिलं होतं, त्यानेही पाहिलं होतं.

सरकारी वकिलाने त्याला साक्षीला बोलावलं. वांडाचं म्हणणं होतं, आठवत नाही म्हणावं आणि मोकळं व्हावं. डेलबर्ट कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, "मी त्याला उतरू नको असं शिकवलं होतं. ट्रक चालू होता. रस्ता मोकळा होता. तो जाऊ शकत होता." किप खाली मान घालून बसला होता. मग किपच्या वकीलबाई उठल्या.

"मिस्टर योकम, तुम्ही कधी माणसावर गोळी झाडली आहे?"

"नाही."

"हातात लोखंड घेऊन कुणी तुमच्या अंगावर आलंय?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही हे सगळं कागदाच्या माणसांवर शिकलात."

ज्यूरीतली दोघं-तिघं हसली. त्यांतल्या एकीला डेलबर्टनेच शिकवलं होतं. किप निर्दोष सुटला.

त्यानंतर कॅफेत डेलबर्ट बसला की त्याच्या टेबलाशी कुणी येईना. मेव्हण्याने तोंडावर सांगितलं की आपल्याच पोराला तुरुंगात घालायला निघालेल्या माणसाशी काय बोलायचं. त्याच वर्षी राज्याने परवान्याची अटही काढून टाकली. क्लास केल्याचा दाखला लागेनासा झाला, तशी लोकांना निम्मा दिवस खुर्चीवर बसायची गरज उरली नाही. शनिवार ओस पडले.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात किपने हमरस्त्यावर स्वतःचा क्लास उघडला. गर्दी इतकी, की लोकांना थांबावं लागायचं. हा माणूस प्रत्यक्ष त्यातून गेलेला आहे, असं ते एकमेकांना कौतुकाने सांगायचे. चर्चच्या दारावर पहाऱ्याला उभं राहणाऱ्या मंडळींना डेलबर्ट वर्षानुवर्षं फुकट शिकवत आला होता. पाद्रीबुवांनी तेही काम किपला दिलं. एकदा पेट्रोल पंपावर गाठ पडली तेव्हा किपनेच पुढे होऊन डेलबर्टचा हात हातात घेतला. "माझ्या मनात काही नाही हं, मास्तर," तो म्हणाला. "मी पोरांना तुमचं नाव सांगतो." डेलबर्ट हात सोडवून गाडीत बसला आणि निघून गेला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी जोलीन प्रुइट आली. हातात खोका होता, आत कोडीचं जुनं पिस्तूल. मला शिकवा, म्हणाली.

डेलबर्टने तिला बसायला सांगितलं आणि विचारलं, "कशासाठी?"

"तो मला दुकानात भेटतो. माझ्यासाठी दार धरून उभा राहतो. मॅडम म्हणतो. शर्टाखाली ते लावलेलं असतं, मला दिसतं." ती खाली बघत होती. "माझी पोरं त्याला ओळखतात, मिस्टर योकम."

"मी तुला शिकवणार नाही," डेलबर्ट म्हणाला. "राग मानू नकोस. तुझ्या मनात काय आहे, मला माहीत नाही."

"त्याच्या मनात काय आहे, हे विचारलं होतंत?"

डेलबर्टने खोका तिच्याकडे सरकवला.

"ठीक आहे," जोलीन खोका उचलत म्हणाली. "गावात दुसरा क्लास एकच आहे. तिकडे जाते. तो नाही म्हणणार नाही, माझ्याकडून पैसेही घेणार नाही."

ती गाडीपर्यंत पोचली तेव्हा डेलबर्टने तिला हाक मारली. मग निम्मा दिवस तो तिच्याशी बोलला. तिने एकदाही मान हलवली नाही की घड्याळ पाहिलं नाही. दुपारी त्याने तिला टेकडीसमोर उभं केलं, पाय कसे ठेवायचे ते दाखवलं, आणि तो मागे सरला. पहिल्या गोळीला ती दचकली. पुढच्या सगळ्या गोळ्या कागदी माणसाच्या छातीत तळहाताएवढ्या जागेत गेल्या.

वांडा मागच्या पायरीवर येऊन उभी होती. जेवायला थांबणार का, असं तिने जोलीनला विचारलं. जोलीन नको म्हणाली, पोरं बहिणीकडे होती. तिने पिस्तूल रिकामं करून, त्याने दाखवलं तसं दोनदा तपासून खोक्यात ठेवलं. पुढच्या शनिवारी येऊ का, असं तिने विचारलं.

डेलबर्ट हो म्हणाला. मग वाकून तो गवतातल्या रिकाम्या पुंगळ्या वेचू लागला, तिची गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत.