तिसऱ्या खेपेची परीक्षा

मित्रांनो, जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गमधल्या एका स्वयंपाकघराच्या टेबलावर सध्या माझा मुक्काम आहे. गुंतवणुकीचा अभ्यास करणारे वापरतात तसला मी कॅल्क्युलेटर आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या कडांचा काळा रंग उडाला आहे. बेरजेची कळ दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारखे आणखी काही हजार जन्मले, त्यामुळे त्याचे कौतुक कोणालाच नव्हते. माझा पहिला मालक फ्रँकफुर्टच्या एका विद्यापीठात शिकत होता. शिक्षण संपल्यावर त्याने सूचनाफलकावर चिठ्ठी लावून मला विकले. मला घेतले मुक्ताने.

मुक्ता तेव्हा छत्तीस वर्षांची होती. पुण्यात ती सॉफ्टवेअरमध्ये काम करायची. नवऱ्याला, जयंतला, इकडे नोकरी लागली म्हणून ती आली. मग अन्वी झाली, सात वर्षे घरात गेली आणि एक दिवस तिने फायनान्सच्या एम.एस्सी.ला नाव घातले. त्यातला सगळ्यांत अवघड पेपर पोर्टफोलिओ मॅनेजमेंटचा. कोणाचे पैसे, कशासाठी, किती वर्षांकरिता आणि किती धोका पत्करून कुठे कुठे विभागून ठेवायचे, हे त्यात शिकायचे असते.

ते सुरुवातीचे महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. मुक्ता मला अन्वीच्या डब्याशेजारी पिशवीत ठेवायची. शेअर आणि रोखे एकमेकांबरोबर किती हलतात याची गणिते आम्ही तासन्‌तास करायचो. जयंत चहा घेऊन मागे उभा राहायचा.

‘‘आमचं पण बघ की काहीतरी,’’ तो म्हणायचा.

‘‘आपलं काय बघणार? एक पगार आणि एक मुलगी,’’ मुक्ता म्हणायची, आणि दोघे हसायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी जयंत कामाला निघाला आणि एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर कोसळला. हृदय बंद पडले होते. वय एकेचाळीस.

सोळा दिवसांनी मुक्ताची परीक्षा होती. डॉक्टरचा दाखला दिला असता तर ती पुढे ढकलता आली असती. तिला ते माहीत नव्हते, आणि त्या दिवसांत ती कोणाला काही विचारत नव्हती. ती परीक्षेला गेली. माझ्या कळा दाबल्या. मी उत्तरे दिली, ती तिने कागदावर उतरवलीच नाहीत. नापास.

सप्टेंबरमध्ये दुसरी खेप. तिसऱ्या पानावर प्रश्न होता: ग्राहक नुकतीच विधवा झाली आहे, विम्याची रक्कम हाती आली आहे, पदरात एक मूल आहे, तिच्यासाठी गुंतवणुकीचा आराखडा करा. मुक्ताने तो वाचला. पुन्हा वाचला. मग पेनाला टोपण लावले, पेपर दिला आणि बाहेर आली. ती रडली नाही. मी तिच्या कोटाच्या खिशात होतो, रडली असती तर मला कळले असते.

घरी आल्यावर तिने मला ड्रॉवरमध्ये ठेवले. तिथे कात्र्या, जुन्या चाव्या आणि जयंतचा चष्मा होता. माझा सेल हळूहळू संपला. बाहेर मुक्ता स्वयंपाक करत होती, अन्वीला शाळेत सोडत होती, सरकारी कचेऱ्यांचे फॉर्म भरत होती. सगळे वेळच्या वेळी. आवाज मात्र टेलिफोनवरच्या सूचनेसारखा झाला होता. परीक्षेची आता एकच संधी उरली होती. तीही गेली असती तर नाव कायमचे कापले गेले असते.

डिसेंबरमध्ये सांगलीहून विभावरीबाई आल्या. जयंतच्या आई. तीन महिन्यांचा व्हिसा होता. कात्री शोधताना मी त्यांच्या हाती लागलो.

‘‘हे काय गं?’’

‘‘अभ्यासाचं होतं, आई.’’

‘‘होतं म्हणजे?’’

‘‘फेब्रुवारीत शेवटचा चान्स आहे. मी सोडून देतेय.’’

 संध्याकाळी विभावरीबाई अन्वीला घेऊन दुकानात गेल्या. अन्वीला मराठी समजते पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला. नाण्याएवढा गोल सेल घेऊन दोघी परतल्या, आणि मला पुन्हा आकडे दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विभावरीबाई मुक्तासमोर बसल्या. ‘‘कशात अडलीस ते सांग.’’

मुक्ताने प्रश्न सांगितला. छापला होता तसाच, सपाट आवाजात.

‘‘मग मला विचार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चौतिसाव्या वर्षी मी विधवा झाले. जयंत सहा वर्षांचा होता. विम्याचे अठरा हजार आले होते. समज, मी तुझी ग्राहक.’’

 मग मुक्ताने कागद ओढला.

‘‘पैसे कशासाठी हवेत?’’

‘‘जयंतच्या शिक्षणाला.’’

‘‘किती वर्षांसाठी?’’

‘‘सोळा धर.’’

‘‘शंभराचे साठ झाले तर झोप लागेल?’’

विभावरीबाईंनी विचार केला. ‘‘झोप तशीही लागत नव्हती. पण साठ नसते चालले. ऐंशीपर्यंत सोसलं असतं.’’

मुक्ताने मला जवळ घेतले. तिची बोटे थंड होती. तिने गणित मांडले, चुकले, पुन्हा मांडले. ‘‘तुम्ही काय केलंत त्या पैशांचं?’’

‘‘सगळे पोस्टात ठेवले. दुसरं काही माहीत नव्हतं.’’

‘‘थोडे शेअरमध्ये असते तर बरेच वाढले असते.’’

‘‘असतील. तेव्हा तू नव्हतीस ना सांगायला.’’

मुक्ताने मान खाली घातली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यानंतर दोघी रोज दुपारी बसू लागल्या. विभावरीबाई कधी पेन्शनर झाल्या, कधी मूलबाळ नसलेला कारखानदार, कधी घर विकलेले जोडपे. सूत्रे त्यांना कळत नव्हती. कळले नाही की त्या तसे सांगत, आणि मुक्ताला ते पुन्हा समजावावे लागे.

फेब्रुवारीत मुक्ताने पेपर दिला. पूर्ण वेळ बसली. निकाल लागला तो विभावरीबाई परत जाण्याच्या दोन दिवस आधी. मुक्ता तांदूळ धूत होती. हात पुसून तिने फोन पाहिला.

‘‘तीन पूर्णांक सात,’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे?’’

‘‘इथे आकडा जितका कमी तितका चांगला. चारापर्यंत पास.’’

‘‘पास झालीस.’’

‘‘हो.’’

विभावरीबाईंनी तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मुक्ताने तांदूळ शिजायला लावले.

मित्रांनो, पास झाल्यामुळे मुक्ताचे दुःख हलके झाले, असे मी सांगणार नाही. जेवताना ती अजूनही मध्येच थांबते, आणि घास हातात राहतो. पण आता तिचा प्रबंध सुरू आहे आणि मी रोज टेबलावर असतो. माझे मागणे एवढेच. तुमच्या घरात कोणी असे गोठून गेले, तर त्याला ‘सावर’ म्हणू नका. त्याला जे येते ते त्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत समोरून उठू नका.