भाकड गायीचा खर्च

सेजलने वर्षभर घरात एक शब्द तोंडातून निसटू दिला नव्हता. कसला अभ्यास चाललाय, असे कुणी विचारले की ती “पशुपालनाचा” म्हणायची आणि विषय बदलायची. खोटे नव्हतेच ते, फक्त अर्धे होते. तिचा प्रबंध होता गोमांसासाठी गुरे पैदा करण्याच्या खर्चावर. उरुग्वे आणि पराग्वे या दक्षिण अमेरिकेतल्या दोन देशांची तुलना. आणि तिचे वडील सगुण म्हणजे गाईला घास घातल्याशिवाय स्वतः पानावर न बसणारे. तुये गावातल्या या घरात त्यांना खरे कळले, तर आपले शिक्षण तिथेच आटोपले, याची तिला खात्री होती.

उद्या तोंडी परीक्षा, आणि आकड्यांत हा घोळ! पराग्वेतले वासरू उरुग्वेच्या निम्म्या खर्चात तयार होत होते. मार्गदर्शक सरांनी चूक शोधायला सांगितली होती, ती काही सापडेना. तेवढ्यात सगुण मागून आले आणि संगणकावरच्या गायींच्या फोटोवर वाकले.

“गायो बऱ्यो पोसल्यात गे. दूध किती देतत?”

आता थाप मारायची तर शेवटपर्यंत मारत राहावी लागणार. सेजलला त्याचाच वीट आला होता.

“दुधाच्यो न्हय त्यो, बाबा. मांसासाठी पोसतत.”

सगुण तडक गोठ्यात निघून गेले. दहा मिनिटांनी ते परतले, हातपाय धुतले आणि खुर्ची ओढून बसले.

“जी गाय गाभण रवना, तिचो चारो खंय धरलंस?”

सेजलने तक्ता उघडला. उरुग्वेच्या हिशेबात सगळ्या गायींचा चारा होता, पराग्वेच्या हिशेबात फक्त व्यायलेल्या गायींचा. भाकड गायी बिचाऱ्या वर्षभर उपाशीच! तिने आकडे दुरुस्त केले आणि ती अचाट तफावत पार आटली.

“बाबा, राग नाय आयलो?” तिने भीत भीत विचारले.

“आयलो तर! रागानच गोठ्यात गेलंय. थंय आमची गौरी दिसली. औंदा गाभण रवाक नाय, तरी दोन भारे खाता. म्हटलां, त्या लोकांका तरी कसा परवडता?”

सेजलला इतके हलके वाटले की रडूच फुटले.

“रडतंस कित्याक?” सगुण म्हणाले. “आता कोणीय इचारल्यानी, तर इषयाचा नाव सगळा सांग. आणि उद्या थंय चूक कोणी काडली म्हणान इचारल्यानी, तर माजाय नाव सांग.”