पटाशीचे आकडे

"चार म्हणजे चार काड्या नव्हेत," असं म्हणून मार्तंडने कॅरमच्या बोर्डावरच्या आगकाड्या पुसल्यासारख्या बाजूला सारल्या. "आधी पाच कर. दोन काड्या खाली एकत्र टेकव, वर फाकव. आता त्याच्या डाव्या अंगाला एक उभी ठेव. पाचातून एक गेला, उरले चार. तीच उजव्या अंगाला ठेवलीस तर सहा."

धाकू मेस्त्रीने मान तिरकी करून बघितलं. "म्हंजे डावो घेता आणि उजवो देता."

"बरोबर."

"तुझ्या कमिटीसारखाच मग."

मार्तंड हसला आणि त्याने दोन काड्यांची फुली मांडली. "हे दहा."

दोघं कुडाळकडच्या एकाच गावचे. चौथीपर्यंत एका बाकावर बसलेले. पुढे मार्तंड परब शिकला, विमा कचेरीत लागला आणि अंधेरीत गुंदवलीच्या कोकणवासीयांच्या मंडळाचा सेक्रेटरी झाला. धाकूने बापाची हत्यारं उचलली आणि जवळच्या एका स्टुडिओत सेटवर सुतारकाम धरलं. वीस वर्षं तो प्लायवूडची घरं उभारत आणि पाडत आला होता. त्या घरांना पुढची बाजू असायची, मागे बांबूंचे टेकू.

मंडळाचा हॉल मात्र खरा होता. सागाचे खांब, सागाच्या तुळया, वर मंगलोरी कौलं. पहिल्या पिढीतल्या गिरणीवाल्यांनी आणि सुतारांनी सुट्टीचे दिवस घालून तो उभा केला होता. गुंदवलीतल्या निम्म्या लोकांची लग्नं तिथे लागली होती. आता जागेच्या मालकाने सगळा प्लॉट एका बिल्डरला विकला होता. हॉल उतरवायचा, त्या जागी चार मजली इमारत होईल, आणि मागच्या कोपऱ्यात हाच हॉल, याच लाकडांनी पुन्हा उभा करून मिळेल, असं मार्तंडने ठरवून आणलं होतं. तोपर्यंत लाकूड जोगेश्वरीला एका कोरड्या गोदामात राहणार होतं.

पुन्हा जोडायचं तर कुठलं लाकूड कुठलं, हे कळायला हवं. धाकू म्हणाला होता, खडू पुसला जातो, रंगाचे पोपडे निघतात, कोरायलाच हवं. पण मराठी आकडे सगळे गोलाईचे. सागात पटाशी वळवली की ढलपी उडते. शिमग्याला दोघं एकाच एस.टी.ने गावी जाऊन आले, त्यानंतरच्या आठवड्यात मार्तंड आगपेटी घेऊन हॉलमध्ये आला. "रोमन घाल. सगळ्या सरळ रेघा. पटाशीसाठीच केल्यासारखे आहेत."

पन्नासाला काटकोन, हेही धाकूला पसंत पडलं. शंभराला मात्र अर्धगोल निघाला.

"ह्यो नको."

"मग खांबांचे आकडे वेगळे घाल, तुळयांचे वेगळे, वाशांचे दर बाजूला वेगळे. शंभरापर्यंत जायचंच नाही."

धाकूला वाटलं, ह्याला सुतार करायला हवा होता.

घरी त्याने जळाऊ फळकुटांवर सराव सुरू केला. फळकुटं संपल्यावर घरातल्या वस्तूंवर आला. सुगंधाने, त्याच्या बायकोने, एका सकाळी जेवायचा पाट उचलून त्याच्यासमोर धरला.

"ह्याला काल तुम्ही अकरा म्हणालात. आज माका नऊ दिसतत."

"उलटो धरलंस."

"माणूस पाट उलटो धरणार नाय, असं कुठे लिहिलंय?"

धाकूने पाट हातात घेऊन सुलटा-उलटा फिरवून बघितला. उतरवलेलं लाकूड आडवं पडतं. वर कुठली बाजू आणि खाली कुठली, हे महिन्यांनी कोणाला आठवणार? त्या दिवसापासून त्याने प्रत्येक आकड्याच्या पायाशी एक आडवी खाच घ्यायला सुरुवात केली. सुगंधा म्हणाली, "झालं ना? आता माझ्या पोळपाटाक हात लावू नका. घर आहे, तुरुंग नाय."

स्टुडिओतून सुटल्यावर तो रोज शिडी लावून हॉलमध्ये कोरत बसायचा. येणारे-जाणारे थांबून बघायचे. कोणी विचारलं की हा आकडा कितीचा, तर त्याला सांगायला आवडायचं. एका संध्याकाळी मार्तंड पांढरी टोपी घातलेल्या एका वयस्क माणसाला घेऊन आला. "हे लालजीभाई. जोगेश्वरीचे. गोदाम ह्यांचं."

लालजीभाईंनी खांबात नख रुतवून पाहिलं. "कीडा तो नहीं?"

"एक भोक दिखाव शेठ," धाकू शिडीवरून म्हणाला.

"और खोलोगे कैसे? तोडके?"

"तोडनेका नई. एकेक खुंटी पीछेसे ठोकके निकालेगा. कुछ नई तुटेगा."

लालजीभाईंनी मार्तंडकडे पाहिलं आणि मान डोलावली. मापं घेत घेत ते दुसऱ्या टोकापर्यंत गेले. ठेवायच्या मालाची माणूस एवढी विचारपूस करतो, याचं धाकूला कौतुक वाटलं.

कौलं काढायच्या सकाळी शांताबाई दारात बसली.

गिरण्यांच्या संपानंतर नवरा गावी जाऊन बसला, तेव्हापासून ती खानावळ चालवून घर ओढत होती. गुरुवारचं बायकांचं भजन तिच्या गळ्यावर चालायचं. तिच्यासोबत भजनाच्या सगळ्या बायका होत्या. त्यांनी सतरंजीच अंथरली होती. मजूर शिड्या खांद्यावर घेऊन रस्त्यात ताटकळले होते. मार्तंडने बिल्डरचं पत्र वाचून दाखवायला सुरुवात केली.

"तुझो कागद तुझ्याकडे ठेव," शांताबाई म्हणाली. "आमच्या डोक्यावरची कौलं गेली की कागद दाखवणारे पण जातात."

मार्तंडने धाकूकडे पाहिलं. धाकू पुढे आला.

"शांताबाई, उठा. सगळं परत उभं राहणार."

"कोण म्हणतो?"

"मी म्हणतो."

"तू कोण? तू सुतार."

"म्हणूनच म्हणतो."

शांताबाई बसल्या जागेवरून वर बोट करून म्हणाली, "ती तुळई कुठली, सांग."

"तुळई सात. ती खांब साताच्या डोक्यावर बसते. हा बघा, पाच आणि उजवीकडे दोन."

"आणि ती पलीकडची?"

"चौदा."

"उलटी लावलीस तर?"

"पायाशी खाच आहे. खाच खाली. आमच्या हिने दाखवली ती चूक."

शांताबाई उठून खांबापाशी गेली. आकड्याच्या चरांवरून तिने बोट फिरवलं, मग खालच्या खाचेवरून. तिला आकडा वाचता येत नव्हता, पण कोणीतरी जीव लावून काम केलंय हे कळण्यासाठी वाचता यावं लागत नाही.

"मार्तंडच्या कागदावर मी उठत नाय," ती म्हणाली. "तुझ्या शब्दावर उठतंय. लक्षात ठेव."

बायकांनी सतरंजी गुंडाळली. पाऊस पडायच्या आत हॉल उतरला. बोलल्याप्रमाणे एकही खुंटी तुटली नाही. शेवटचा ट्रक भरताना धाकूने पिवळं प्लॅस्टिक स्वतःच्या हाताने बांधलं.

दिवाळी झाली तेव्हा इमारतीचा दुसरा स्लॅब पडला होता. स्टुडिओतून येताना धाकू कुंपणाच्या पत्र्याच्या फटीतून मागचा कोपरा बघून घ्यायचा. एका संध्याकाळी तिथे माती उपसलेली दिसली. त्याला वाटलं पाया घेतायत. तो आत शिरला. खड्डा पुरुषभर खोल होता आणि चारही बाजूंनी सळ्या बांधल्या होत्या.

"पानी का टंकी," वॉचमन म्हणाला.

"आणि हॉल?"

"कौन सा हॉल?"

दुसऱ्या दिवशी धाकू कामावर गेला नाही. जोगेश्वरीला गेला. गोदाम शोधताना वखार सापडली. दारावर लालजीभाईंच्या नावाची पाटी होती, आत करवतीचं मशीन चालू होतं.

"अरे मिस्त्री, आओ आओ." लालजीभाई खुर्चीवरून उठले. "क्या माल उतारा था आपने. सालों में ऐसा नहीं देखा."

"बाकी किधर है?"

"बिक गया. चौखट बन गया, दरवाजा बन गया. ये दो-चार तुळई बचा है."

"वो तो रखने को दिया था."

लालजीभाईंना ती थट्टा वाटली. मग धाकूचा चेहरा बघून त्यांनी पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं. "होली के पहले सौदा हुआ, भाई. परबसाहब बोले, तोडके नहीं देंगे, खोलके देंगे, हमारे पास आदमी है. तभी तो हमने लिया. टूटा हुआ माल कौन लेता है?"

होळीच्या आधी. म्हणजे एस.टी.त शेजारी बसून दोघांनी शेंगा खाल्ल्या, तेव्हा सौदा झालेला होता. आगपेटी त्यानंतरची.

मशीनवर एक तुळई चढवली होती. कामगार ती पुढे ढकलत होता. आकडा कोरलेली बाजू वर होती. धाकूने काही म्हणायच्या आत पातं दहाच्या फुलीतून आरपार गेलं. दोन फळ्या दोन बाजूंना पडल्या. एकीवर पाच उरले होते, दुसरीवर उलटे पाच. कामगाराने त्या ढिगावर टाकल्या आणि पुढचं लाकूड घेतलं.

मार्तंड घरी गॅलरीत पेपर वाचत होता.

"लालजीभाईकडे जाऊन इलंय," धाकू म्हणाला.

मार्तंडने पेपराची घडी घातली. आत वळून चहा ठेवायला सांगितलं. धाकू उभाच राहिला.

"बघ धाकू, जागा गेलेलीच होती. मालक विकून मोकळा झाला होता. दहा वर्षं कोर्टात काढली असती आणि शेवटी पोलीस आणून पाडलंच असतं."

"मग तसा सांगायचा."

"कोणाला? शांताबाईला? ती उठली असती?"

"माका सांगायचा."

"तुला सांगितलं असतं तर तू तिच्या शेजारी सतरंजीवर बसला असतास." मार्तंडने हे अगदी शांतपणे सांगितलं. "लोकांचा माझ्यावर भरवसा नव्हता रे. तुझ्यावर होता."

"आकडे कित्याक शिकवलंस मग? खडूच्या फुल्या मारून काम झालं असतं."

"खडू पुसला जातो, हे तूच म्हणालास. तू दोन महिने शिडीवर चढून कोरत बसलास, ते सगळ्यांनी बघितलं. एवढं बघितल्यावर कोण विचारतो?" मग तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "पण शिकवताना बरं वाटायचं. खरं सांगतो. शाळेतल्यासारखं."

हे मात्र तो मनापासून बोलला होता. बाकीचं सगळं धाकूने ऐकून घेतलं होतं. हे ऐकल्यावर त्याला तिथे उभं राहवेना. तो जिन्याकडे वळला. मार्तंडची बायको कुंदा चहाचे कप घेऊन बाहेर आली.

"निघालात भावोजी? बरं, त्या नव्या इमारतीतल्या आमच्या ब्लॉकमधलं किचनचं कपाट तुम्हीच करायचं हां. दुसऱ्या कोणाकडे नाही देणार मी."

तिला काही ठाऊक नव्हतं. धाकूने मान हलवली आणि तो खाली उतरला.

तो गुरुवार होता. हॉल गेल्यापासून भजन शांताबाईच्या खोलीत व्हायचं. खानावळीची भांडी एका भिंतीला रचून बायका दाटीवाटीने बसायच्या. उरलेल्या दोघी-तिघी मोरीच्या कट्ट्यावर. धाकू दारात आला तेव्हा पेटीवाली सूर धरत होती.

"शांताबाई, जरा सांगायचं होतं."

"इथेच सांग. आत जागा कुठे आहे?"

त्याने सांगितलं. टाकीचा खड्डा, वखार, होळीच्या आधीचा सौदा. मार्तंड काय म्हणाला, तेही. नव्या ब्लॉकचं सांगायचं त्याने टाळलं. ते आठवडाभरात आपोआप कळलं असतं. पेटी बंद झाली होती. कोणीतरी "बाई गं" म्हणालं. मोरीच्या कट्ट्यावरची एक म्हातारी हळूच विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि तिला कोणी सांगत नव्हतं.

"तुका ठाऊक होतं?" शांताबाईने विचारलं.

"नाय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. खांबावरून बोट फिरवलं होतं तेवढाच वेळ.

"मार्तंडचं मला काही नाही," ती म्हणाली. "त्याच्यावर भरवसा टाकलाच कोणी होता? मी उठले ती तुझ्यामुळे."

"होय."

"आता ह्या सगळ्यांना मी काय सांगू?"

धाकूने काही सुचवलं नाही. नवा हॉल बांधू, बिल्डरकडे मोर्चा नेऊ, यातलं काहीच. शब्द एकदा देऊन झाला होता.

शांताबाईने टाळ उचलले. "पेटी धर गं," ती शेजारणीला म्हणाली. पहिल्या ओळीला आवाज थोडा फाटला, दुसऱ्या ओळीला बाकीच्यांनी सावरून घेतलं.

धाकू जायला निघाला होता. पण दारासमोर बायकांच्या चपलांचा पसारा पडला होता आणि पाय कुठे ठेवावा ते कळेना. त्याने त्या चपला जोडीला जोड लावून भिंतीकडे सरकवल्या. मोकळ्या झालेल्या पायरीवर तो बसला. आतून त्याला कोणी आत ये म्हटलं नाही. ऊठ असंही कोणी म्हटलं नाही.