धामणीचे किडे

बनुबाईनं धामण घंगाळातल्या कोमट पाण्यात सोडली आणि मानेपाशी अलगद धरून तिच्या अंगावरून हात फिरवायला सुरुवात केली. थोड्याच वेळात पाण्यावर काळे ठिपके तरंगू लागले. राळ्याच्या दाण्याहून बारीक, पाय हलवणारे. धामणीनं खाणं टाकलं होतं आणि ती दिवसच्या दिवस पाण्याच्या भांड्यात पडून राहायची. शेवटी बनुबाईनं तिला उजेडात धरून पाहिलं, तेव्हा खवल्यांच्या फटीफटीत रक्त पीत बसलेले हे किडे तिला दिसले. ती एकेक उचलून नखावर चिरडत होती. चिरडताना तिचे दात आवळलेले होते.

धामण केरबाची, तिच्या लेकाची. ऊसतोड झाल्यावर पेटवलेल्या पाचटातून त्यानं ती पिल्लू असताना उचलून आणली होती. तेव्हा बनुबाईनं घर डोक्यावर घेतलं होतं. मग लढाई लागली. भरतीवाले कडेगावच्या बाजूला आले आणि घरटी एक पोरगा मागू लागले. घर एकत्र होतं. कर्ता तात्याबा, बनुबाईचा थोरला दीर. त्यानं स्वतःच्या सयाजीला उसाला पाणी पाजायला ठेवून घेतलं आणि बाप नसलेल्या केरबाचा हात धरून त्याला साताऱ्याच्या गाडीत बसवलं. केरबा ब्रह्मदेशातून परत आला नाही. तार आली त्या दिवशी बनुबाईनं परड्यातल्या खोलीत वेगळी चूल मांडली आणि धामणीची दुरडी उशाशी घेतली.

दारात सयाजी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात बाटली होती.

"काकी, आमच्या आबानी घासलेट दिलंय. तिच्या अंगावर वता म्हनले. किडं घरभर व्हत्याली."

"घासलेटानं किडं मरत्याली, आन् ही?"

सयाजी खाली बघू लागला. तात्याबाला धामण मरायलाच हवी होती, हे बनुबाईला कळलं. बनुबाईनं बाटली घेतली, धामण पुसून दुरडीत ठेवली, झाकण आवळलं आणि पदर खोचून ती परडं ओलांडून गेली.

तात्याबा सोप्यावर दोन भाऊबंदांबरोबर तंबाखू मळत बसला होता. त्याचा बाप उसात नाग चावून गेला होता. तेव्हापासून वळलेली दोरी पाहिली तरी हा गडी पाय मागं घ्यायचा. बनुबाईनं बाटली त्याच्यापुढं ठेवली आणि दुरडीही ठेवली.

"घासलेट तुमचं तुमाला. हिला साफ करायला चार हात लागत्यात. माजं दोनच हायत. तुमी धरायची, मी किडं काढनार."

"येड लागलं का काय? सयाला सांग."

"सयाजी न्हाई. तुमीच." आजवर ती दिरापुढं पदर पुढं ओढल्याशिवाय उभी राहिली नव्हती, आज पदर कमरेला होता. "माज्या पोराला गाडीत बशिवला तवा हात धरूनच न्हेला न्हवं? आता हिला धरा. न्हाईतर हितंच सोडती."

भाऊबंदांनी मळलेली तंबाखू हातातच राहू दिली. तात्याबानं एकदा त्यांच्याकडं, एकदा दुरडीकडं पाहिलं आणि हात पुढं केले.

त्या दिवसापासून रोज सकाळी तो परड्यात येऊ लागला. धामण त्याच्या मनगटाला वेढा घाली तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडत. पहिल्या सकाळी तिनं त्याच्या धोतरावर घाण केली. त्या उग्र वासानं तो भिंतीला धरून ओकला. बनुबाई थांबली नाही. उलट ती कामाला वेळ लावी. करंजाच्या तेलात बुडवलेलं फडकं शेपटीपासून वर आणताना तिचं लक्ष धामणीपेक्षा त्याच्या थरथरणाऱ्या बोटांवर असे. डोळ्यांच्या कडेचे किडे कोंबडीच्या पिसानं काढायचे, तेव्हा ती मुद्दाम म्हणे, "हिचं त्वांड तुमच्याकडं करा. माज्याकडं न्हाई." आणि त्याला ते तोंड अगदी जवळून पाहावं लागे. जुनी दुरडी तिनं जाळली, नवी केली, अंथरायचं गोणपाट रोज उकळलं. किडे कमी होत गेले. तिचा राग कमी झाला नाही.

एकदा तात्याबाची बायको अंबूबाई तिला विहिरीवर गाठून म्हणाली, "बनू, सोड आता त्येनला. रातीला झोपत न्हाईत गं. झोपंत हात झटकत्यात."

"मी तरी कुटं झोपती, अक्का?" बनुबाई म्हणाली आणि तिनं भरलेली घागर डोक्यावर घेतली.

मग धामणीचे डोळे दुधाळ झाले आणि एका सकाळी तिनं तोंडापासून शेपटीपर्यंत सलग कात टाकली. कातीखालचं अंग नव्या तांब्यासारखं चकाकत होतं. रोजच्यासारखा तात्याबा आला, घंगाळापाशी बसला. आज त्यानं न सांगता धामणीला उचलून घेतलं. धरण्यात हिसका नव्हता. बनुबाईनं पाणी ओतलं, चोळलं, वाट पाहिली. पाणी स्वच्छ होतं. तळाचा कल्हई उडालेला डाग तेवढा दिसत होता.

आता हे संपलं, हे तिच्या ध्यानात आलं. शेवटच्या दिवशी काय बोलायचं ते तिनं मनात कधीचं घोळवून ठेवलं होतं. ऐकून जन्मभर मान वर होऊ नये असे शब्द होते.

ती बोलणार तोच तात्याबा पाण्याकडं बघत म्हणाला,

"केरबा हिला काय म्हनून हाक मारायचा?"

इतक्या दिवसांत केरबाचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. बनुबाईचा हात पाण्यातच राहिला. धामणीनं जीभ बाहेर काढून तात्याबाच्या अंगठ्याला लावली. त्यानं अंगठा हलवला नाही.

"त्ये मी सांगनार न्हाई," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. मग बनुबाईनं फडकं तेलात बुडवून पिळलं.

"हायत अजून किडं," ती म्हणाली. "उद्या यायला लागंल."

तात्याबानं वाकून त्या नितळ पाण्यात पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "दिसत्यात की."